मोडलेला पंखा

इंग्लंडच्या दक्षिणेला केंट नावाचा परगणा आहे. तेथे समुद्राच्या काठी हाइथ हे लहानसे गाव वसलेले आहे. या गावात ९ फेब्रुवारी १८०८ रोजी फ्रान्सिस पेटिट स्मिथ यांचा जन्म झाला. त्यांचे वडील गावचे पोस्टमास्तर होते. फ्रान्सिस हा त्यांचा एकुलता एक मुलगा.

समुद्र घराजवळ असल्यामुळे फ्रान्सिसला लहानपणापासून होड्यांचे वेड होते. तो लाकडाच्या छोट्या होड्या तयार करी आणि त्या पाण्यात सोडी. पण नुसती होडी तरंगली म्हणजे त्याचे समाधान होत नसे. ती आपोआप पुढे कशी जाईल, याचा तो विचार करी आणि त्यासाठी निरनिराळ्या युक्त्या करून पाही.

मोठे झाल्यावर मात्र स्मिथ शेतकरी झाले. प्रथम त्यांनी रॉमनी मार्श या दलदलीच्या कुरणांच्या भागात मेंढपाळीचा व्यवसाय केला. पुढे ते लंडनजवळच्या हेंडन या गावी शेती करू लागले. त्यांनी यंत्रशास्त्राचे शिक्षण घेतले नव्हते. कोणत्याही कारखान्यात उमेदवारी केली नव्हती. शेती हाच त्यांचा पोटापाण्याचा उद्योग होता. पण लहानपणीचे वेड काही सुटले नव्हते. शेतीकडे दुर्लक्ष होऊ लागले आणि होड्यांचे नमुने वाढू लागले. घरच्या माणसांना याची काळजी वाटली असेल तर त्यात नवल नाही.

त्या काळी आगबोटी नुकत्याच रूढ होत होत्या. आगबोट म्हणजे वाफेच्या इंजिनावर चालणारी बोट. या बोटींच्या दोन्ही बाजूंना पाणचक्कीसारखी मोठी चाके असत. इंजिन चाके फिरवी, चाकांच्या फळ्या पाणी मागे लोटत आणि बोट पुढे जाई. नदीत किंवा शांत पाण्यात ही चाके उत्तम काम करीत. खुल्या समुद्रात मात्र अडचण येई. लाटांमुळे बोट एका बाजूला कलली की एक चाक पाण्यात खोल बुडे आणि दुसरे हवेत फिरत राही. बोटीत माल जास्त भरला तर दोन्ही चाके नको तितकी बुडत. लढाऊ जहाजांना तर ही चाके म्हणजे मोठे संकटच होते. शत्रूच्या तोफेचा एक गोळा चाकावर बसला की जहाज पांगळे झालेच. शिवाय चाकांनी जहाजाची बाजू व्यापल्यामुळे तोफा ठेवायला जागा कमी उरे.

स्मिथ यांनी वेगळा विचार केला. चाके बाजूला लावण्याऐवजी बोटीच्या मागे, पाण्याखाली, एक मोठे मळसूत्र बसवले तर? मळसूत्र म्हणजे आपण घरी ज्याला पेच म्हणतो तो. पेच फिरवला की तो लाकडात पुढे पुढे शिरतो. तसाच हा पेच पाण्यात फिरला तर बोटीला पुढे नेईल, असे त्यांना वाटले. १८३५ च्या सुमारास त्यांनी एक छोटी होडी तयार केली. तिला घड्याळासारखी स्प्रिंग होती आणि मागे लाकडी पेच होता. आपल्या शेतावरच्या तळ्यात त्यांनी ती सोडली. होडी तुरुतुरु पळाली. ३१ मे १८३६ रोजी त्यांनी आपल्या शोधाचे पेटंट घेतले. पेटंट म्हणजे शोधावरचा कायदेशीर हक्क.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. पाण्याखालच्या पेचाची कल्पना एकट्या स्मिथ यांना सुचली असे नाही. ऑस्ट्रियाच्या राज्यात योझेफ रेसेल या वनअधिकाऱ्याने १८२७ मध्येच तसे पेटंट घेतले होते. १८२९ मध्ये त्रिएस्त बंदरात त्याची बोट थोडे अंतर चाललीही होती. पण वाफेची नळी फुटली आणि पोलिसांनी पुढचे प्रयोग बंद पाडले. लंडनमध्ये राहणारे स्वीडिश अभियंता जॉन एरिक्सन यांनी तर स्मिथ यांच्यानंतर अवघ्या सहा आठवड्यांनी पेटंट मिळवले. म्हणून प्रोपेलरचा शोध कोणी लावला, असा प्रश्न परीक्षेत आला तर एकच नाव लिहिणे न्यायाचे होणार नाही. स्मिथ यांचे मोठेपण वेगळ्या गोष्टीत आहे. ती गोष्ट १८३७ मध्ये घडली.

पेटंट मिळाल्यावर स्मिथ यांनी काही धनिकांच्या मदतीने सहा टनांची एक खरी बोट बांधली. तिच्यात लहानसे वाफेचे इंजिन बसवले. तिचा पंखा लाकडी होता. मधल्या दांड्याभोवती त्याचे दोन पूर्ण वेढे होते. मशिदीच्या मिनारातला गोल जिना मधल्या खांबाभोवती फिरत वर जातो, तो डोळ्यांसमोर आणा. तसा जिना आडवा करून पाण्यात ठेवला आहे, अशी कल्पना करा. स्मिथ यांचा हिशेब साधा होता. वेढे जास्त असले की पेचाची पकड जास्त, आणि पकड जास्त असली की वेगही जास्त. तुम्हाआम्हालाही असेच वाटले असते.

नोव्हेंबर १८३६ पासून लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यात या बोटीच्या फेऱ्या सुरू झाल्या. बोट चालत होती, पण वेग बेताचाच होता. फेब्रुवारी १८३७ मध्ये एका फेरीत पंखा कशाला तरी धडकला. कडकन आवाज झाला आणि जवळजवळ अर्धा पंखा तुटून पाण्यात पडला. दोन वेढ्यांपैकी एकच वेढा शिल्लक राहिला. आता बोट ओढतच परत न्यावी लागणार, असे कोणालाही वाटले असते. पण बोट थांबली नाही. उलट ती पूर्वीपेक्षा वेगाने धावू लागली! ताशी चार मैलांच्या आसपास चालणारी बोट आठ मैलांच्या जवळ गेली, अशी नोंद आहे.

असे का झाले? पेच लाकडात शिरतो तेव्हा लाकूड जागचे हलत नाही. पाणी मात्र हलते. पंख्याच्या पहिल्या वेढ्याने पाणी एकदा मागे ढकलले आणि गोल फिरवले की दुसऱ्या वेढ्याला ढकलायला नवे पाणी फारसे मिळत नाही. तो नुसताच त्या फिरत्या पाण्यात घासत राहतो आणि इंजिनाची ताकद खातो. तुटून पडलेला अर्धा भाग मदत करीत नव्हता, ओझेच होता.

दुसरा एखादा माणूस असता तर त्याने नवा दोन वेढ्यांचा पंखा करून घेतला असता आणि आपले पहिले गणित पुढे चालवले असते. स्मिथ यांनी तसे केले नाही. पेटंटमध्ये आपण काय लिहिले आहे यापेक्षा कालव्यात काय दिसले, याला त्यांनी मान दिला. त्यांनी एकाच वेढ्याचा पंखा धातूचा करून घेतला आणि तो बोटीला बसवला.

आता थोडे थांबून पंख्याची निवड म्हणजे काय, ते समजून घेऊ. आपल्या कोकणातल्या खाड्यांत होडीच्या मागे टांगलेले लहान इंजिन तुम्ही पाहिले असेल. त्याला आउटबोर्ड इंजिन म्हणतात. त्याच्या पंख्यावर बहुधा दोन आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा पंख्याच्या व्यासाचा. दुसरा पिचचा. (क्रिकेटच्या पिचशी याचा काही संबंध नाही.) घट्ट पदार्थात पेचासारखा फिरला असता तर पंखा एका फेऱ्यात जितका पुढे गेला असता, त्या अंतराला पिच म्हणतात. पाणी सरकत असल्यामुळे प्रत्यक्षात होडी त्याहून कमीच जाते.

पिच जास्त असले तर प्रत्येक फेऱ्यात होडी जास्त पुढे जाते, पण इंजिनाला जोरही जास्त लावावा लागतो. गियरची सायकल चालवणाऱ्या मुलांना हे लगेच कळेल. सपाट रस्त्यावर जड गियर चांगला. चढावर तोच ठेवला तर पाय भरून येतात. इंजिनाचेही असेच आहे. प्रत्येक इंजिनाने पूर्ण वेगात मिनिटाला किती फेरे घ्यावेत, हे बनवणाऱ्याने ठरवून दिलेले असते. नेहमीचे ओझे होडीत घेऊन इंजिन पूर्ण सोडले आणि ते त्या फेऱ्यांपर्यंत पोहोचलेच नाही, तर पिच जास्त झाले असे समजावे. मग इंजिन कण्हते, तापते आणि लवकर झिजते. ते ठरलेल्या फेऱ्यांच्या पुढे धावू लागले, तर पिच कमी झाले. एक इंच पिच कमी केले की साधारणपणे मिनिटाला दीडशे ते दोनशे फेरे वाढतात.

जुन्या इंजिनाच्या बाबतीत तर हे फारच जपावे लागते. त्याची ताकद वर्षांनुवर्षे झिजलेली असते. नवे असताना जो पंखा त्याला शोभत होता, तोच आता जड होतो. अशा वेळी मालकाला वाटते, इंजिन गेले. पुष्कळदा इंजिन गेलेले नसते. त्याला एक-दोन इंच कमी पिचचा पंखा हवा असतो. मोठा पंखा म्हणजे चांगला पंखा, ही समजूत स्मिथ यांच्या काळी होती आणि आजही काही ठिकाणी आहे.

पुन्हा स्मिथ यांच्याकडे वळू. कालव्यातली बोट समुद्रात टिकेल का, अशी शंका लोक घेत होते. म्हणून सप्टेंबर १८३७ मध्ये स्मिथ आपली चिमुकली बोट घेऊन टेम्स नदीतून थेट समुद्रात उतरले. रॅमझगेट, डोव्हर, फोकस्टन अशी बंदरे घेत ते आपल्या जन्मगावी हाइथला पोहोचले. परतताना २५ सप्टेंबरला वादळ उठले. लाटा उसळत होत्या. तरी सहा टनांची ती बोट पाणी कापत चालली होती. नौदलाच्या काही अधिकाऱ्यांनी हे दृश्य पाहिले. त्यापूर्वी नौदलाने एरिक्सन यांचा प्रयोगही पाहिला होता, पण तो त्यांना पटला नव्हता. मागून ढकललेल्या जहाजाला सुकाणू नीट जुमानणार नाही, असे नौदलाच्या जाणत्या मंडळींना वाटत होते. एरिक्सन कंटाळून १८३९ मध्ये अमेरिकेला निघून गेले आणि तेथे मोठे नाव कमावून राहिले. स्मिथ मात्र चिकटून राहिले. नौदलाने त्यांना सांगितले, की मोठे जहाज चालवून दाखवा, मग पाहू.

मोठे जहाज म्हणजे मोठा पैसा. भागीदार जमवून एक कंपनी काढण्यात आली. १८३८ मध्ये जहाज पाण्यात उतरले. त्याला आर्किमिडीज हे नाव दिले. पाणी वर चढवणारा पेच या प्राचीन ग्रीक शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो, म्हणून हे नाव. नौदलाने ताशी पाच सागरी मैलांची अट घातली होती. जहाजाने जवळजवळ दुप्पट वेग दाखवला. पण संकटेही आली. १८३९ मध्ये जहाजाचा बॉयलर फुटला आणि एका इंजिनियरचा जीव गेला. दुरुस्तीत महिने गेले. १८४० मध्ये आर्किमिडीज पुन्हा निघाले. त्याने डोव्हरच्या टपाल बोटींशी शर्यती केल्या आणि ब्रिटनच्या बेटाला प्रदक्षिणा घातली. प्रत्येक बंदरात लोक जहाजाच्या मागे वाकून पाहत, कारण चाके कुठेच दिसत नव्हती.

ब्रिस्टल बंदरात हे जहाज इझंबार्ड किंग्डम ब्रुनेल यांनी पाहिले. ब्रुनेल हे त्या काळचे इंग्लंडमधले फार मोठे अभियंते. त्यांचे ग्रेट ब्रिटन नावाचे प्रचंड लोखंडी जहाज तेव्हा बांधले जात होते आणि त्याला चाके बसवायची ठरली होती. त्यांच्या कंपनीने आर्किमिडीज काही महिने मागून घेतले. ब्रुनेल यांनी त्याला वेगवेगळ्या आकारांचे पंखे लावून पाहिले आणि १८४० च्या अखेरीस सल्ला दिला, की चाकांचा बेत सोडून पंखा बसवावा. अर्धे बांधलेले जहाज बदलायचे म्हणजे केवढे धाडस! पण तसे केले गेले. १९ जुलै १८४३ रोजी ग्रेट ब्रिटन पाण्यात उतरले. तेव्हा ते जगातले सर्वांत मोठे जहाज होते. त्याची लांबी ३२२ फूट होती. १८४५ मध्ये ते लिव्हरपूलहून निघून पंधरा दिवसांच्या आत न्यूयॉर्कला पोहोचले.

येथेही पंख्याच्या निवडीने धडा दिलाच. त्या जहाजाला सहा पात्यांचा, साडेपंधरा फूट व्यासाचा पंखा लावला होता. दुसऱ्याच सफरीत त्याची पाती निखळून समुद्रात गेली आणि एवढ्या मोठ्या जहाजाला शिडांच्या आधाराने घरी परतावे लागले. पुढच्या हिवाळ्यात त्याला चार पात्यांचा भक्कम पंखा बसवण्यात आला.

इकडे नौदलाने रॅटलर नावाचे जहाज बांधून घेतले. स्मिथ तेथे सल्लागार होते. १८४३ च्या अखेरीपासून १८४५ च्या आरंभापर्यंत या जहाजावर पंख्यांच्या चाचण्या चालल्या. दोन डझनांहून अधिक वेळा पंखे बदलले गेले. स्मिथ यांचे पंखे होते, तसे त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचेही होते. स्मिथ यांचा पंखा आखूड करीत नेला, तरी वेग कमी होत नव्हता. कालव्यात अपघाताने जे घडले होते, तेच आता मुद्दाम, मोजमाप करून घडवले जात होते. शेवटी स्मिथ यांचा दोन पात्यांचा पंखा सरस ठरला. त्याचा व्यास सुमारे दहा फूट होता आणि दांड्याच्या दिशेने लांबी सव्वा फुटाच्या आसपास होती. दोन वेढ्यांच्या त्या लाकडी जिन्यापासून किती दूर आलो पाहा!

३ एप्रिल १८४५ रोजी एक गमतीचा सामना झाला. रॅटलर आणि चाकांचे अलेक्टो या दोन जहाजांना पाठीला पाठ लावून दोराने बांधले आणि दोघांनाही पूर्ण जोराने विरुद्ध दिशांना जायला सांगितले. रस्सीखेचच ती. रॅटलरने अलेक्टोला उलटे ओढत नेले. चाके पुढे जाण्यासाठी गरगर फिरत होती आणि जहाज मागे मागे जात होते. या रस्सीखेचीमुळेच नौदलाने पंखा स्वीकारला, असे पुष्कळ पुस्तकांत लिहिलेले असते. ते तितकेसे खरे नाही. नौदलाचा निर्णय चाचण्यांवरून आधीच झाला होता आणि पंख्याची आणखी जहाजे बांधायला सांगितली गेली होती. रस्सीखेच लोकांना दाखवण्यासाठी होती. कंटाळवाण्या चाचण्या कोणी लक्षात ठेवत नाही, तमाशा मात्र सगळ्यांना आठवतो.

त्यानंतर समुद्रावरची चाके हळूहळू दिसेनाशी झाली. विसाव्या शतकात आपल्या घरांतले वडीलधारे मुंबईहून जिद्देला हजसाठी ज्या जहाजांनी जात, त्यांच्याही मागे पंखाच होता. मुंबईहून होणारा हा समुद्रप्रवास १९९५ मध्ये बंद झाला.

जगाला पंखा मिळाला, पण स्मिथ यांच्या हाती काय लागले? आर्किमिडीज बांधणाऱ्या कंपनीला मोठा तोटा झाला आणि ती बंद पडली. पेटंटची मुदत वाढवून मिळाली होती, तीही १८५६ मध्ये संपली. आता कोणीही पंखा तयार करावा, स्मिथ यांना एक पैसा देण्याची गरज नव्हती. नौदलाचे काम तर १८५० मध्येच सुटले होते. पन्नाशीकडे झुकलेला हा माणूस पुन्हा शेतीकडे वळला. गर्न्सी बेटावर जाऊन त्याने नांगर धरला. सरकारने १८५५ मध्ये त्यांना वर्षाला दोनशे पौंडांचे पेन्शन दिले. पुढे जहाजांच्या धंद्यातल्या लोकांनी वर्गणी काढून त्यांना एक थैली अर्पण केली. हा मान उशिरा मिळाला आणि गेलेल्या पैशांच्या मानाने थोडाच होता, असे माझे मत आहे.

१८६० मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागातल्या पेटंट संग्रहालयाची देखरेख त्यांच्याकडे सोपवण्यात आली. इतरांनी शोधून काढलेली जुनी यंत्रे सांभाळायची, असे हे काम होते. १८६२ मध्ये स्टीफन्सन यांचे प्रसिद्ध रॉकेट इंजिन याच संग्रहालयात आले. १८७१ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीत स्मिथ यांना सर ही पदवी मिळाली. १२ फेब्रुवारी १८७४ रोजी त्यांचे निधन झाले. हाइथ गावी, ज्या समुद्रात त्यांनी लहानपणी होड्या सोडल्या होत्या त्याच्याजवळ, त्यांना दफन करण्यात आले.

ग्रेट ब्रिटन जहाज मात्र अजून आहे. दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांवर ते कितीतरी वर्षे चिखलात रुतून पडले होते. १९७० मध्ये ते तरंगत्या तराफ्यावर चढवून ब्रिस्टलला परत आणले आणि ज्या गोदीत ते बांधले होते त्याच गोदीत ठेवले. तेथे आज ते पाहायला लोक येतात. जहाजाच्या मागच्या बाजूला, गोदीच्या तळाशी उतरले की डोक्यावर सहा पात्यांचा पंखा दिसतो. तो मूळचा नाही. मूळच्या पंख्याची हुबेहूब प्रतिकृती आहे.